दहा आण्यांवरचा नेम

प्रिय ईशान आणि मीरा,

गेल्या रविवारी ईशानने फोनवर सांगितलं, की बास्केटबॉलच्या नव्या सरांनी त्यांना एक युक्ती शिकवली आहे. समोरच्या संघाने रिंगखाली गर्दी केली, की आपण बाहेरून बास्केट मारायला लागायचं. मग ते बाहेर येतात आणि आत वाट मोकळी होते. मी विचारलं, "पण आधी चेंडू आत पाठवून परत बाहेर घ्यायचा, हे सांगितलं का?" ईशानने फोन मीराकडे दिला. मग मीरा म्हणाली, "आजी, तुला हे कसं माहीत?"

फोनवर तुम्हांला अर्ध्यात उठून जावं लागतं आणि ही गोष्ट अर्ध्यात सोडण्यासारखी नाही, म्हणून लिहून पाठवते. मला हे शिकवणारे गृहस्थ कोणत्याही शाळेत शिक्षक नव्हते. ते जमिनी मोजत.

बापूराव शिंदे यांना पत्ता विचारू नये, हे नगरमध्ये बहुतेकांना ठाऊक होतं. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण मी जुन्या सवयीने नगरच लिहिणार. एकदा एस.टी. स्टँडवर उतरलेल्या एका पाहुण्याने त्यांना आमची शाळा कुठे म्हणून विचारलं. बापूराव सायकलवरून उतरले, एक डोळा बारीक केला आणि म्हणाले, "नाकासमोर एकवीस साखळ्या जा. तिथून उजव्या हाताला साडेतीन साखळ्या आणि चार आणे. फाटकच लागेल."

पाहुणा म्हणाला, "म्हणजे लांब आहे का?"

"लांब-जवळ मला कळत नाही," बापूराव म्हणाले. "मी मोजून सांगितलं."

त्यांची साखळी म्हणजे लोखंडी कड्यांची तेहतीस फुटी साखळी. तिचे सोळा भाग असत आणि प्रत्येक भागाला आणा म्हणत. एक आणा म्हणजे दोन फुटांहून जरासा जास्त. प्रत्येक आण्यावर ओळखीसाठी एक पितळी फुली टांगलेली असे. कचेरीची साखळी वेगळी होती. तिची दरवर्षी तपासणी होई आणि ती कचेरीतच राही. बापूरावांच्या सायकलच्या हँडलला पिशवीत लटकलेली असे ती त्यांची घरची. त्यांचे वडीलही मोजणीदार होते, त्यांच्या हातची. तिच्यावर बापूरावांचा जितका विश्वास होता, तितका मी कोणाचा देवावरही पाहिलेला नाही. "माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलतो," ते म्हणत, "साखळी खोटं बोलत नाही."

मी तेव्हा मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. शाळेला बास्केटबॉलचा संघ हवा होता आणि संघाबरोबर एक शिक्षिका असावी असा नियम होता. माझं अक्षर चांगलं आणि वह्या नीटनेटक्या, एवढ्या पात्रतेवर मला नेमलं. मला त्या खेळातलं काही कळत नव्हतं. शिकवणारं तर कोणीच नव्हतं. एके दिवशी कुंपणापलीकडे सायकल थांबली आणि पांढरा शर्ट, खाकी पँट, डोक्यावर टोपी असा एक उंच, वाळका माणूस मला म्हणाला, "बाई, तुमचं मैदान वाकडं आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पुसून साखळीने पुन्हा आखलं. रिंगच्या फळ्याखाली ओळंबा सोडला, सव्वासात आण्यांवर, म्हणजे नियमाच्या पंधरा फुटांवर, फ्री थ्रोची रेषा मारली, आणि मग कोणी न सांगता दहा आण्यांवर अर्धवर्तुळात चुन्याचे पाच ठिपके दिले.

"हे कशाला?" मी विचारलं.

"इथून मारायचं."

"इतक्या लांबून?"

"तुमच्या पोरी बुटक्या आहेत, बाई. रिंगखाली गेल्या तर हरवतील."

भिंगारच्या बाजूला लष्कराच्या जमिनीची मोजणी चालू असताना त्यांनी सहा महिने रोज संध्याकाळी जवानांचे सामने पाहिले होते. स्वतः चेंडूला कधी हात लावला नव्हता. लावण्याची गरजही त्यांना वाटत नसे. एकदा यमुना नावाच्या आमच्या सर्वांत छोट्या मुलीने त्यांना "तात्या, तुम्ही मारून दाखवा ना" म्हटलं. ते म्हणाले, "मी शेत मोजतो, नांगरत नाही."

त्या काळी लांबून मारलेल्या बास्केटला तीन गुण नव्हते, हे ईशानला मुद्दाम सांगते. कुठूनही मारा, दोनच. त्यामुळे लांबून मारणं हा उधळेपणा समजला जाई. बापूरावांचं म्हणणं उलट होतं. "बाहेरचा नेम गुणांसाठी नसतो," ते सांगत. "त्यांच्या उंच पोरी आत भिंत बांधून उभ्या असतात. भिंतीवर डोकं आपटायचं नाही. बाहेरून दोन-तीन घातले, की भिंतीला पाय फुटतात. ती चालत आपल्याकडे येते. मग आत जायचं."

यातही त्यांचे नियम होते आणि ते मी वहीत लिहून घेतले होते. चेंडू आधी आत पाठवायचा, म्हणजे सगळ्या आत बघतील. मग परत बाहेर घ्यायचा आणि मग मारायचा. पाय जमिनीवर नीट टेकलेले नसतील तर मारायचं नाही. दोघींनीच मारायचं, बाकीच्यांनी हौस करायची नाही. आणि लांबून मारलेला चेंडू चुकला तर लांबच उडतो, म्हणून एकीने रिंगपासून दूर त्याची वाट बघत उभं राहायचं.

हीच युक्ती ते संसारातही चालवत. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणत असू, नव्या चेंडूला काही केल्या तयार नव्हत्या. मी दोनदा थेट मागून नकार घेऊन आले होते. बापूराव म्हणाले, "तुम्ही भिंतीवर डोकं आपटलं, बाई." सोमवारी त्यांनी मोठ्या बाईंच्या खोलीच्या दारात उभं राहून बागेतल्या जास्वंदीची स्तुती केली. मंगळवारी शाळेच्या इमारतीला तडा जाईल काय, अशी काळजी दाखवली. बुधवारी मैदानाभोवती पक्की भिंत घालावी असं सुचवलं. मोठ्या बाई खुर्चीतून उठून दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "अहो, भिंत कुठली घालणार? फार तर एखादा चेंडू घेऊ शकते मी."

बापूराव माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "पाय फुटले."

आता सुमनबद्दल. सुमन आमची सात नंबरची खेळाडू, दहा आण्यांवरून मारणाऱ्या दोघींपैकी एक आणि दोघींत सरस. बापूराव सगळ्या मुलींना नावाने हाक मारत. यमुनाला तर "यमे" म्हणत. सुमनला मात्र "सात नंबर". आणि सगळ्या मुली त्यांना तात्या म्हणत असताना सुमन त्यांना काहीच म्हणत नसे. मान हलवून काम भागवी. तिचंही आडनाव शिंदेच होतं, पण माझ्या एका वर्गात पाच शिंदे होत्या, तेव्हा मला काही वाटलं नाही. यमुनाने एक दिवस सहज सांगितलं, "बाई, ती त्यांची सख्खी पुतणी आहे. त्यांच्या घरात अबोला आहे ना."

अबोला म्हणजे भांडण नव्हे. भांडणात माणसं बोलतात. हा अबोला सहा वर्षांचा होता. बापूराव आणि त्यांचे थोरले भाऊ रंगनाथराव यांची कोल्हारला प्रवरेकाठी वडिलांची जमीन होती. वाटणी ठरली, दोघांना बारा बारा साखळ्यांची रुंदी. रंगनाथराव म्हणाले, सरकारी मोजणी आणू. बापूराव म्हणाले, घरात मोजणीदार असताना परका कशाला? वडिलांची जमीन वडिलांच्या साखळीनेच मोजायची. त्यांनी आपल्या कडेने बारा साखळ्या मोजल्या आणि खुंटी ठोकली. बांधावरचं कवठाचं झाड त्यांच्या बाजूला आलं. रंगनाथराव म्हणाले, माझं रान कमी भरतंय, पावलांनी मोजलं तरी कळतंय. बापूराव म्हणाले, "दादा, पाऊल खोटं बोलतं. साखळी नाही." त्या वाक्यानंतर दादा त्यांच्याशी बोलले नाहीत.

वहिनी त्या झाडाच्या कवठांची गूळ घालून चटणी करत आणि बापूरावांना ती फार आवडे. ते एकटे राहत. लग्न केलंच नव्हतं. स्वयंपाकाच्या नावाने भाकरी आणि ठेचा. सुमन शिकायला नगरला मामाकडे आली आणि शाळेत काकाच खेळ शिकवतात असं कळलं, तेव्हा तिच्या वडिलांनी बजावलं होतं, "खेळ शिकव म्हनावं. बाकी बोलायचं काम न्हाई." आमचं मैदान वाकडं असल्याचा शोध बापूरावांना नेमका ती नगरला आली त्याच महिन्यात लागला होता, हे मी नंतर तारखा ताडून पाहिलं.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात जिल्ह्यातल्या शाळांचे सामने झाले. पहिले दोन आमच्याच मैदानावर होते. दोन्ही आम्ही सहज जिंकले. पाहुण्या संघांच्या उंच मुली रिंगखाली भिंत बांधून उभ्या राहिल्या, सुमनने बाहेरून तीन घातले, भिंत चालत बाहेर आली आणि यमुना तिच्या बगलेखालून आत गेली. अंतिम सामना मात्र शहरातल्या दुसऱ्या शाळेच्या मैदानावर होता. बापूरावांचा नियम होता, की परकं मैदान आधी मोजून घ्यायचं. त्या दिवशी तिथल्या लोकांनी त्यांना आत पाऊल टाकू दिलं नाही. चुना ताजा होता.

आणि त्या दिवशी रंगनाथराव कोल्हारहून एस.टी.ने सामना बघायला आले. काळ्यासावळ्या, भरदार मिशांच्या त्या माणसाने मैदानाच्या कडेला माझ्या शेजारची खुर्ची घेतली. माझ्या दुसऱ्या बाजूला बापूराव होते. मी मधे. तेवढ्यावरून माझं काम काय ते माझ्या लक्षात आलं.

"बाई," रंगनाथराव म्हणाले, "त्यांना इचारा, सात नंबरला बूट कुनी घेतले."

"बाई, त्यांना सांगा, शाळेने."

"शाळेनं कसं? बाकीच्यांच्या पायात तर जुनेच दिसत्यात."

बापूराव वाकून पिशवीतल्या साखळीचा गुंता सोडवायला लागले.

सामना सुरू झाला आणि काहीतरी बिनसलं. चेंडू आत गेला, परत आला, सुमनने पाय टेकले, मारलं. रिंगच्या मागच्या कडेवर आपटून चेंडू उडाला. पुन्हा तेच. दुसरी मुलगी, तेच. मध्यंतरापर्यंत आम्ही बाहेरून अकरा वेळा मारलं आणि एकच आत गेलं. समोरची भिंत जागची हलली नाही. आम्ही दहा गुणांनी मागे होतो.

"पोरी घाबरल्यात," बापूराव पुटपुटले.

माझ्याकडे वही होती. मला खेळ कळत नसे, पण प्रत्येक चेंडू कुठे लागला ते मी लिहीत असे. कामाला लावलं की मी नोंद ठेवते. मी वही पुढे केली. "बापूराव, घाबरलेली मुलगी अपुरं मारते ना? यातला एकही चेंडू अपुरा पडलेला नाही. दहाच्या दहा पलीकडे लागले आहेत. सारखेच."

त्यांनी वही पाहिली. उठले, पिशवीतून साखळी काढली, आणि मध्यंतर असल्यामुळे कोणी अडवायच्या आत फळ्याखाली ओळंबा सोडून साखळी ताणली. सव्वासात आण्यांची जागा फ्री थ्रोच्या रेषेच्या चांगली एक वीत पलीकडे गेली.

"मैदान खोटं आहे," ते पंचांना म्हणाले.

पंच शांत गृहस्थ होते. त्यांनी खिशातून पोलादी टेप काढला आणि रेषेपर्यंत धरून दाखवला. बरोबर पंधरा फूट.

बापूराव गुडघ्यावर बसले. साखळीच्या फुल्या सोळाच होत्या. आयुष्यभर ते फुल्याच मोजत आले होते. आता पहिल्यांदा कड्या मोजू लागले. दर दोन फुल्यांमधे तीन कड्या. तीन, तीन, तीन. चौथ्या आणि पाचव्या फुलीच्या मधे चार. चौथी कडी जराशी जाड होती.

"खर्ड्याला तुटली होती," ते कोणाला तरी सांगावं तसं म्हणाले. "आबांनी सांगितलं होतं. किल्ल्याजवळच्या लोहाराने सांधून दिली." त्या लोहाराने चांगल्या मनाने एक कडी जास्तीची घातली होती. आबांनी, म्हणजे बापूरावांच्या वडिलांनी, ती मोजली नाही आणि मुलाने आबांच्या साखळीवर कधी शंका घेतली नाही. आमच्या मुली वर्षभर प्रत्येक नेम एक वीत जास्त अंतरावरून घटवत होत्या, आणि आता खऱ्या मैदानावर फ्री थ्रोच्या रेषेवरून अंदाजाने जागा धरल्यामुळे त्यांचा प्रत्येक चेंडू एक वीत पलीकडे जात होता.

उपाय सोपा होता. मुलींना एक वीत मागे उभं करायचं. पण का, ते सांगावं लागणार होतं, कारण बापूरावांच्या मुली कारण कळल्याशिवाय हलत नसत; त्यांनीच तशी सवय लावली होती. मुली पाणी पीत माझ्या खुर्चीपाशीच उभ्या होत्या. आणि तिथे रंगनाथराव बसले होते.

बापूराव आले. साखळी त्यांच्या हातात लोंबत होती. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, मुलींनो, हवा वेगळी आहे, थोडं मागे सरा. तेवढ्याने काम झालं असतं आणि आम्ही दोघं आणि पंच सोडले तर कोणाला कळलंही नसतं.

"पोरींनो," ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "माझी साखळी खोटी आहे. दर मोजणीला एक वीत जास्त धरते. तुमचा नेम बरोबर आहे, माझं मैदान चुकलं. इथे तुमची जागा सोडून एक वीत मागे उभ्या राहा. बाकी काही बदलू नका."

मुलींनी माना हलवल्या. खेळाडूंना एवढंच हवं असतं. रंगनाथराव मात्र खुर्चीत पुढे सरकले. बराच वेळ ते बोटांवर काहीतरी मोजत होते.

"बाई," ते म्हणाले, "त्यांना इचारा, बारा साखळ्यांच्या बारा इती. फूट किती हुत्यात?"

मी बापूरावांकडे वळले. त्यांनी माझ्यावरून पलीकडे पाहिलं.

"नऊ," ते म्हणाले. "नऊ फूट, दादा. झाड तुझं आहे. तू बरोबर होतास."

पंचांनी शिट्टी वाजवली. उत्तरार्धाची नोंद माझ्या वहीत पूर्ण आहे, पण थोडक्यात सांगते. सुमन एक वीत मागे सरली आणि पहिलं बास्केट रिंगला न शिवता आत गेलं. दुसरंही. तिसऱ्यानंतर समोरच्या भिंतीला पाय फुटले. शेवटच्या मिनिटाला गुण समान होते आणि चेंडू सुमनच्या हातात. दोघी उंच मुली तिच्या अंगावर धावून आल्या. माझ्या उजव्या कानाशी रंगनाथराव म्हणाले, "मार, मार." डाव्या कानाशी बापूराव म्हणाले, "मारू नको, सुमे. आत बघ." सात नंबर नाही, सुमे. तिने आत पाहिलं. यमुना रिंगखाली एकटी उभी होती, बाजारात आई हरवलेल्या मुलीसारखी. चेंडू तिच्याकडे गेला आणि तिने तो घातला.

मुली नाचत होत्या. रंगनाथराव उठले, धोतर झाडलं आणि निघाले. मला वाटलं, झालं, हा माणूस असाच एस.टी.त बसणार. चार पावलांवर ते थांबले. मागे न वळता म्हणाले, "बाई, त्यांना सांगा—" आणि मग बहुधा त्यांनाच त्याचा कंटाळा आला. वळून ते थेट भावाला म्हणाले, "सा वर्सं कवठं खाली पडून कुजत्यात. तूबी घेत न्हाईस, मलाबी घेऊ देत न्हाईस. आयतवारी ये पाडायला. तुझी वैनी गूळ आनून ठेवील."

बापूराव म्हणाले, "टेप घेऊन येतो."

"नगं," रंगनाथराव म्हणाले. "नुस्ता ये."

पुढे मला सुमनने सांगितलं, की त्या रविवारी तिचे वडील आणि काका बांधावर गेले, तेव्हा जुनी खुंटी काढायला काही कष्ट पडले नाहीत. आणि त्या नऊ फुटांत सगळीकडे हराळी माजली होती. आपल्या मोजणीवर देवाइतका विश्वास असलेल्या या माणसाने स्वतःच्या हिश्शाची बाकी सगळी जमीन कसायला लावली होती. दादा पावलांनी मोजून आपला म्हणत होते तो पट्टा मात्र सहा वर्षं नांगरू दिला नव्हता. का, असं मी त्यांना एकदा विचारलं. "भिंतीला पाय फुटायची बाहेरून वाट बघत होतो, बाई," ते म्हणाले आणि सायकलवर बसले.

बापूराव जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. शाळेच्या मैदानावर वर्ग बांधले आहेत आणि बास्केटबॉलचा फळा कुठे गेला ते कोणाला माहीत नाही. त्यांनी साखळीतून काढलेली जास्तीची कडी माझ्याकडे आहे. मी हे लिहिताना कागद उडू नयेत म्हणून तीच ठेवली आहे. कवठाचं झाड अजून उभं आहे. दर हिवाळ्यात सुमन माझ्या सावेडीच्या घरी पाच कवठं पाठवते, आणि यंदाचीही परवाच आली.

तुमची,
आजी